डीएनएचा पीळ दाखवणारं पान

१९८०-८१मध्ये रिचर्ड डिकरसन, होरेस ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या एका आखूड तुकड्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. सी-जी-सी-जी-ए-ए-टी-टी-सी-जी-सी-जी असा त्याचा क्रम, लांबी अवघ्या १२ बेस-जोड्यांची. वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३च्या प्रतिकृतीमागे तंतूंची क्ष-किरण चित्रं होती, आणि तंतूंत दिसते ती सरासरी. इथे बी-रूपातल्या, म्हणजे नेहमीच्या रूपातल्या, डीएनएचा एक पुरता फेरा पहिल्यांदाच अणूंच्या पातळीवर समोर आला आणि तो पाठ्यपुस्तकातल्या चित्राइतका शिस्तीचा निघाला नाही. शेजारच्या दोन जोड्यांमधला पीळ कुठे ३० अंशांच्या आत, तर कुठे ४०च्या घरात. जोडीतले दोन बेसही एका पातळीत नव्हते. एक या बाजूला कललेला, दुसरा त्या बाजूला.

अशी रचना शब्दांत सांगून भागत नाही, मोजावी लागते. भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणली, तर मोजायचं काय ते कळतं. वरची भाकरी खालचीपेक्षा थोडी फिरलेली असते, जराशी सरकलेली असते, एखाद्या कडेला उचललेली असते. डीएनएच्या लगतच्या दोन जोड्यांमध्ये अशी सहा मापं धरतात: शिफ्ट, स्लाइड आणि राइज ही सरकण्याची, टिल्ट, रोल आणि ट्विस्ट ही वळण्याची. एकाच जोडीतल्या दोन बेसमध्ये आणखी सहा. म्हणजे डिकरसन यांच्या तुकड्यात १२ जोड्यांची ७२ मापं आणि त्यांच्यामधल्या ११ पायऱ्यांची ६६, मिळून १३८. साखर-फॉस्फेटच्या कण्यातले कोन यात धरलेलेच नाहीत. पेशीत डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं, त्या न्यूक्लिओसोमच्या १४७ जोड्यांसाठी हाच हिशेब १,७५८वर जातो.

एवढे आकडे काढणारं गणित केव्हाच बसवून झालेलं आहे. पण ज्या जीवशास्त्रज्ञाला ते हवेत, त्याच्यापुढे ते कोणत्या पानावर, कोणत्या क्रमाने, काय दाखवत आणि काय झाकत ठेवायचे, हे ठरवणं अजूनही सोपं नाही. न्यूक्लिक अ‍ॅसिडच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी वेबपान आखणं म्हणजे रंग आणि बटणं निवडणं, असा समज असतो. प्रत्यक्षात त्या आखणीत विज्ञानाचेच निर्णय दडलेले असतात.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाचं ‘थ्रीडीएनए’ हे याचं नमुनेदार उदाहरण. शियांग-जुन लू आणि विल्मा ओल्सन यांनी या प्रोग्रॅमसंचावरचा मुख्य लेख २००३ साली प्रसिद्ध केला. संच कमांड लिहून चालवायचा होता. ‘फाइंड पेअर’ हा प्रोग्रॅम रचनेच्या फाइलमधून जोड्या हुडकतो, त्याचं उत्तर ‘अ‍ॅनालाइझ’ला द्यायचं, म्हणजे मापं हाती येतात, ‘रीबिल्ड’ उलट्या दिशेने जाऊन मापांवरून रचना उभी करतो. संगणकाच्या काळ्या पडद्यावर ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांच्यासाठी ही दोन ओळींची बाब. पण ज्या माणसाने सहा महिने खपून प्रथिनाचा स्फटिक वाढवला, त्याने लिनक्स शिकून मग आपल्या डीएनएचा पीळ पाहावा, ही अपेक्षा जरा जास्तच होती. २००९ साली या संचाला वेबचं तोंड मिळालं. मोफत, सर्वांना खुलं, नावनोंदणीची अट नाही.

नावनोंदणी नसणं हा नुसता औदार्याचा भाग नव्हे. ‘न्यूक्लिक अ‍ॅसिड्स रिसर्च’ हे नियतकालिक २००३पासून दर जुलैत अशा वेबसेवांचा खास अंक काढतं आणि त्यात जागा हवी तर सेवा लॉगिनशिवाय सर्वांना वापरता आली पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. संशोधकांच्या वेबपानांना वळण लावण्यात या एका संपादकीय नियमाचा वाटा मोठा आहे.

पानावरची पहिली चौकट अगदी साधी दिसते: प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनेचा सांकेतिक क्रमांक लिहा, नाहीतर स्वतःची फाइल चढवा. ही बँक १९७१मध्ये ब्रुकहेवन इथे अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली, आता तिच्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत. डिकरसन यांच्या तुकड्याचा क्रमांक ‘१बीएनए’. चार खुणांची चौकट केली की काम झालं, असं वाटतं. पण चार खुणांचे क्रमांक संपत येणार हे ओळखून बँकेने लांबलचक नवे क्रमांक जाहीर केले आहेत. ज्यांनी चौकटीत चारच खुणा बसतील अशी मर्यादा घातली, त्यांना ती उकलावी लागणार.

फाइलींची कथा याहून गुंतागुंतीची. बँकेची जुनी फाइल पंचकार्डांच्या जमान्यातली, प्रत्येक गोष्टीची जागा स्तंभ मोजून ठरलेली. एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली की अणूचा पत्ता चुकतो. २००७ साली बँकेने जुन्या नोंदी एकसारख्या केल्या, तेव्हा डीएनएतल्या बेसची नावं बदलली: नुसत्या ‘ए’च्या जागी ‘डीए’, ‘सी’च्या जागी ‘डीसी’. साखरेच्या अणूंच्या नावांतली फुली जाऊन तिथे वरची छोटी रेघ आली. म्हणजे एकाच रेणूच्या दोन फाइली, एक २००५ची आणि एक २०१०ची, भोळ्या प्रोग्रॅमला दोन वेगळे रेणू वाटू शकतात. आणि जुन्या साच्यात ९९,९९९हून जास्त अणू मावतच नाहीत. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेबद्दल २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अ‍ॅडा योनाथ यांना मिळालं, पण पूर्ण रायबोसोम एका जुन्या फाइलीत बसत नव्हता. तो तुकड्यांत ठेवावा लागे. नव्या साच्याने ती अडचण सोडवली. वापरणाऱ्याला यातलं काहीही माहीत असण्याचं कारण नाही. त्याने फाइल चढवावी आणि पानाने ती ओळखावी. ओळखता आली नाही, तर कितव्या ओळीत काय खटकलं ते सांगावं. ‘त्रुटी आली’ एवढंच म्हणणारी पानं अजून भरपूर आहेत, आणि ती वापरणाऱ्याचा अर्धा दिवस खातात.

बदललेल्या बेसचा प्रश्न त्याच जातीचा. यीस्टमधल्या फेनिलअ‍ॅलानिन वाहून नेणाऱ्या टीआरएनएत ७६ घटक आहेत, त्यांपैकी १४ नेहमीच्या चारांत न मोडणारे. प्रोग्रॅमने ते अनोळखी म्हणून गाळले, तर त्यांच्या जोड्याच गळतात आणि आकृती अर्धवट राहते. गाळले असतील, तर निदान ते ठळकपणे सांगितलं गेलं पाहिजे.

आता सर्वांत नाजूक जागा. १९९०च्या दशकात डीएनएची मापं काढणारे अनेक प्रोग्रॅम चालू होते. पॅरिसमधल्या रिचर्ड लाव्हरी यांच्या गटाचं ‘कर्व्ह्ज’, डिकरसन यांचं ‘फ्रीहेलिक्स’, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मंजू बन्सल आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं ‘न्यूपार्म’, शिवाय आणखी काही. एकच रचना यांच्यात घातली, तर उत्तरं वेगवेगळी येत. फरक दशांश चिन्हापुढचे नव्हते. एका प्रोग्रॅमच्या मते डीएनए ताणलेलं, तर दुसऱ्याच्या मते ताण फारसा नाही, इथवर मजल जाई. आणि त्यावर लेख लिहिले जात, वाद होत. लू आणि ओल्सन यांनी १९९९ साली असे सात प्रोग्रॅम शेजारी ठेवून तपासले, तेव्हा कळलं की दोष गणिताच्या रीतीत फारसा नव्हता. प्रत्येकाने बेसवर अक्ष बसवायची जागा वेगळी धरली होती. सगळ्यांना एकच चौकट दिली की उत्तरं जवळजवळ जुळत. त्याच वर्षी जानेवारीत जपानमधल्या त्सुकुबा इथे या क्षेत्रातली मंडळी जमली आणि प्रमाण अक्ष ठरले; तो ठराव २००१ साली छापून आला.

या प्रकरणाचा वेबपानाशी थेट संबंध आहे. पानावर ‘राइज ३.३२’ असा आकडा एकटा उभा राहिला, तर तो निसर्गाने दिलेला वाटतो. तो कोणत्या अक्षांवरून, कोणत्या संकेतानुसार काढला, हे पानाने आकड्याशेजारीच सांगितलं, तर वाचणारा दुसऱ्या लेखातल्या आकड्याशी त्याची तुलना जपून करील. संकेताची माहिती मदतपानाच्या तळाशी टाकणं म्हणजे ती न देण्यासारखंच. इथे साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या आखणीकारांशी भांडायलाच हवं. पान जितकं कमी बोलेल तितकं चांगलं, हा नियम तिकीट काढायच्या पानाला ठीक. मोजमापाच्या पानाला तो लावला तर लोक फसतात.

दुसरा धडा आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांचा. आरएनएची साखळी स्वतःवरच दुमडून जोड्या कशा जमवते, याचा अंदाज बांधणारी पद्धत मायकेल झुकर आणि पॅट्रिक स्टिग्लर यांनी १९८१मध्ये मांडली. तिच्यावर उभं राहिलेलं झुकर यांचं ‘एमफोल्ड’ १९९५पासून वेबवर आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांच्या रोजच्या कामातलं झालं. वेबवर आणण्यामागचं झुकर यांचं कारण व्यवहारी होतं: प्रत्येकाच्या वेगळ्या संगणकावर प्रोग्रॅम बसवून देण्याची कटकट नको, ब्राउझर तर सगळ्यांकडे असतोच.

त्या पानावर डीएनएसाठी तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि सोडियम १ मोलर असं आधीच भरलेलं असे. ३७ अंश म्हणजे माणसाच्या शरीराचं तापमान, आणि १ मोलर मीठ म्हणजे ज्या परिस्थितीत ऊर्जेची मूळ मापं घेतली ती परिस्थिती. दोन्ही आकडे आपापल्या जागी रास्त. पण पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्यासाठी, प्रायमर तपासणारी विद्यार्थिनी जेव्हा हे पान उघडते, तेव्हा तिची नळी ५५-६० अंशांवर असते आणि तिच्यातलं मीठ बहुधा ५० मिलिमोलर, म्हणजे विसावा हिस्सा. तिने चौकटींना हात न लावता कळ दाबली, तर येणारी आकृती बरोबरच असते, फक्त तिच्या नळीतली नसते. आखणी करणाऱ्याने ‘हे कशासाठी?’ असा एक प्रश्न आधी विचारून त्यानुसार आकडे भरले असते, तर हा घोळ टळला असता. किंवा उत्तराच्या आकृतीवरच मोठ्या अक्षरांत तापमान आणि मीठ छापायचं, म्हणजे ती आकृती प्रबंधात चिकटवली तरी अटी सोबत जातात.

आकृतीच्या देखणेपणाचीही भीती बाळगायला हवी. ऊर्जेच्या हिशेबावर चालणारे अंदाज ७००हून कमी घटकांच्या आरएनएत ज्ञात जोड्यांपैकी सरासरी ७३ टक्के पकडतात, असं १९९९च्या एका कामात दिसलं होतं. चांगलीच कामगिरी, पण चारातली एक जोडी हुकते, हेही तितकंच खरं. सुबक, काळ्या ठसठशीत रेघांची आकृती हे सांगत नाही. एमफोल्ड यात प्रामाणिक होतं. किमान ऊर्जेच्या जवळपास असलेल्या इतर रचनाही ते पुढे मांडे, आणि प्रत्येक जोडी किती भरवशाची ते रंगांनी दाखवायची सोय ठेवे. तरी बहुतेकांची नजर पहिल्याच आकृतीवर थांबते. दुसरी आकृती पहिलीच्या शेजारी, तितक्याच आकारात ठेवली, तर निदान प्रश्न पडतो.

या हिशेबाला वेळ किती लागतो, त्यावरही पानाचं रूप ठरतं. साखळी दुप्पट झाली की वेळ आठपट होतो. छोट्या साखळीचं उत्तर समोरच, आणि मोठी असेल तर काम रांगेत, उत्तराची खबर ईमेलने, ही विभागणी त्यातूनच आली.

रंगांचा विषय किरकोळ वाटेल, पण तोही डोकेदुखीचा. थ्रीडीएनएच्या ठोकळ्यांच्या चित्रांत ए लाल, सी पिवळा, जी हिरवा आणि टी निळा. जनुकक्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात मात्र ए हिरवा, सी निळा, जी काळा आणि टी लाल. ‘इटर्ना’ या खेळात आणखी तिसरीच तऱ्हा: ए पिवळा, जी लाल, सी हिरवा, यू निळा. सकाळी क्रम वाचून दुपारी रचना बघणाऱ्याच्या डोक्यात एकच लाल रंग दोन अर्थांनी वागतो. शिवाय युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारापैकी सुमारे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून नुसत्या रंगावर विसंबून न राहता अक्षरही छापणं हाच खात्रीचा उपाय.

इटर्नाचं नाव निघालं आहे, तर त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. २०११च्या सुरुवातीला कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या गटांनी हा खेळ वेबवर आणला. खेळाडूला एक आकार दिला जातो आणि त्या आकारात दुमडेल असा आरएनएचा क्रम त्याने चार रंगांचे ठिपके बदलत शोधायचा. निवडक क्रम प्रयोगशाळेत खरोखर बनवून तपासले जात. २०१४ साली या प्रकल्पाचा लेख आला, तेव्हा त्यात ३७,००० जणांचा सहभाग नोंदला होता, आणि खेळाडूंनी काढलेले नियम तेव्हाच्या प्रोग्रॅमांना भारी पडले होते. त्या मंडळींतल्या बहुतेकांना ऊर्जेची सारणी दाखवली असती, तर ती पाहूनच पळाली असती. सारणीमागचं शास्त्र तसंच ठेवून फक्त पान बदललं होतं.

रचना फिरवून बघायची सोय हा आखणीतला सर्वांत मोहक आणि सर्वांत अल्पायुषी भाग. १९९०च्या दशकात त्यासाठी ब्राउझरला वेगळा ‘चाइम’ जोडावा लागे. मग जावावर चालणारं ‘जेमॉल’ आलं आणि शेकडो पानांनी ते बसवलं. २०१५मध्ये क्रोमने अशा जोडण्यांचा आधार काढून घेतला आणि एकेका पानावरचा रेणू दिसेनासा होऊन तिथे राखाडी चौकोन राहिला. जेमॉलने जावास्क्रिप्टमध्ये नवा अवतार घेतला. पुढे ब्राउझरच्या स्वतःच्या त्रिमितीय क्षमतेवर चालणारे नवे दर्शकही आले. ज्यांनी मापांची कोष्टकं साध्या मजकुरात दिली होती, त्यांचं पान दर्शक बंद पडल्यावरही उपयोगाचं राहिलं.

दर्शक महत्त्वाचा आहेच, पण पुष्कळदा हवं असतं ते त्याहून साधं. टी-ए-टी-ए अशा ‘टाटा’ क्रमाला चिकटणारं प्रथिन डीएनएला सुमारे ८० अंशांनी वाकवतं, हे १९९३मधल्या रचनांतून दिसलं. ते वाकणं मापांत शोधायचं, तर रोलचा एक आलेख पुरे: क्रमाच्या दोन टोकांशी दोन उंच सुळके. फिरत्या चित्रात जे पाच मिनिटं निरखून कळतं, ते आलेखात एका नजरेत. आलेखातल्या सुळक्यावर बोट ठेवताच चित्रातली तीच पायरी उजळली, तर दोन्हींचा मेळ बसतो.

वेबपान वापरणारा नेहमी माणूसच असतो, असंही नाही. लू यांनी पुढे कोलंबिया विद्यापीठात घडवलेलं ‘डीएसएसआर’ आरएनएच्या रचनेतल्या जोड्या, फासे, गाठी हुडकतं आणि उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशा ‘जेसन’ साच्यातही देतं. त्यामुळेच २०१७ साली जेमॉलचे रॉबर्ट हॅन्सन आणि लू यांना दोन्ही सॉफ्टवेअर एकत्र गुंफता आली. माणसासाठीचं सुंदर कोष्टक खरडून त्यातून आकडे उपसण्याची वेळ प्रोग्रॅमवर येऊ नये, याचा विचार पहिल्या दिवशीच झालेला बरा.

आणि मग देखभाल. २०११ साली ‘प्लॉस वन’मध्ये एक पाहणी आली. न्यूक्लिक अ‍ॅसिड्स रिसर्चच्या २००३ ते २००९च्या खास अंकांतल्या ९२७ वेबसेवा पाहणी करणाऱ्यांनी एकेक करून उघडून पाहिल्या. ७२ टक्के छापलेल्या पत्त्यावर सापडल्या, ९ टक्के पार नाहीशा. पण सापडणं आणि चालणं वेगळं: ठीक चालते अशी खात्री फक्त ४५ टक्क्यांची देता आली. ३३ टक्के सेवा मुख्यतः नमुन्याचा डेटाच नसल्यामुळे तपासताच आल्या नाहीत. ‘नमुना भरा’ हे एक बटण न ठेवल्याची ही किंमत. सेवा कोणी बांधल्या, या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या २७४ लेखकांपैकी ७८ टक्क्यांनी सांगितलं की विद्यार्थी आणि कायम नोकरी नसलेल्या संशोधकांनी. २४ टक्के सेवांच्या देखभालीची काही योजनाच नव्हती.

   

थ्रीडीएनएच्या वेबपानालाही देखभालीची ही उणीव भोवली. २००९नंतर मूळ प्रोग्रॅम सुधारत राहिले आणि पान मात्र जुन्याच आवृत्तीवर अडकलं. २०१९ साली शुशियांग ली, ओल्सन आणि लू यांनी दुसरी आवृत्ती आणली, तेव्हा लेखाच्या सारांशातच त्यांनी कबूल केलं की देखभालीअभावी जुन्या पानाचं वय दिसू लागलं होतं. नव्या पानावर बदललेले बेस आपोआप ओळखले जातात, कण्याला धक्का न लावता एखादा बेस बदलून बघता येतो, आणि नेहमीच्या जोड्यांत न बसणाऱ्या रचनांसाठी मापांचा एक ‘साधा’ संच मिळतो, कारण काटेकोर संचातले आकडे तिथे वाचणाऱ्याला भलतीकडे नेतात. पत्ताही बदलला. पहिला रटगर्सच्या नावाखाली होता. दुसरा एक्सथ्रीडीएनए या स्वतंत्र नावावर घेतला आहे, म्हणजे सांभाळणाऱ्यांनी विद्यापीठ बदललं तरी तो हलवावा लागणार नाही.